प्राझोसिन चाललं की नाही? एका 'फसलेल्या' चाचणीकडे नीट बघताना

फेब्रुवारी २०१८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पेपर आला. निष्कर्ष एका ओळीत सांगता येईल असा होता: युद्धातून परतलेल्या ज्या सैनिकांना पीटीएसडी आहे आणि रात्री भयानक स्वप्नं पडतात, त्यांना प्राझोसिन नावाची गोळी देऊन प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब दिसणाऱ्या गोळीपेक्षा, जास्त फायदा झाला नाही.

पेपर एवढाच असता तर त्यावर लिहायची गरज नव्हती. औषधं फसतात, रोज फसतात. पण हे औषध त्याआधी पंधराएक वर्षं अमेरिकेत हजारो माजी सैनिकांना दिलं जात होतं, त्याच्या बाजूने तीन नियंत्रित चाचण्या होत्या, आणि त्या तिन्ही चाचण्या ज्यांनी केल्या तेच डॉ. मरे रास्किंड या फसलेल्या चाचणीचेही मुख्य लेखक होते. म्हणजे एका माणसाने स्वतःच उभी केलेली कल्पना स्वतःच सगळ्यात मोठ्या परीक्षेला बसवली आणि ती नापास झाली. तरीही २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी हेच औषध पुन्हा सुचवलं.

मग खरं काय? आज हा पेपर, त्याच्या आधीचे पेपर आणि त्याच्या नंतरचे खुलासे हे तिन्ही तपासून बघू. माझं मत आधीच सांगते: चाचणी चांगली होती, खुलासा अर्धा पटतो, आणि सगळ्यात मोठी चूक यातल्या कुठल्याच पेपरच्या आत नाहीये.

आधी थोडं औषधाबद्दल

प्राझोसिन हे १९७० च्या दशकातलं रक्तदाबाचं औषध. पुढे प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवीला त्रास होणाऱ्या पुरुषांनाही ते देऊ लागले. काम सोपं आहे. आपल्या शरीरात 'पळा किंवा लढा' असा इशारा देणारं नॉरॲड्रेनालिन नावाचं रसायन असतं. ते ज्या कुलपांमध्ये किल्लीसारखं बसतं त्यातल्या एका प्रकाराला अल्फा-१ रिसेप्टर म्हणतात. प्राझोसिन त्या कुलपात आधीच जाऊन बसतं. रक्तवाहिन्यांवरची ही कुलपं बंद झाली की त्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो.

मराठी वाचकांना हे औषध एका वेगळ्याच कारणाने माहीत असायला हवं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी कोकणात लाल विंचवाच्या दंशावर हेच प्राझोसिन वापरलं आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याबद्दल लिहिलं. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात ॲड्रेनालिन-नॉरॲड्रेनालिनचा पूर येतो, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन तो पूर ज्या दारातून घरात शिरतो ते दारच लावून घेतं. विंचू चावून माणसं मरण्याचं प्रमाण या उपचाराने प्रचंड खाली आलं. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे, कारण आजच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे.

आता मेंदूकडे. प्राझोसिन रक्तातून मेंदूत शिरू शकतं, आणि रक्तदाबाच्या सगळ्याच औषधांना हे जमत नाही. मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा छोटासा पुंजका आहे. मेंदूतलं बरंचसं नॉरॲड्रेनालिन तिथून येतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दिसतं की आरईएम झोपेत, म्हणजे ज्या झोपेत आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात त्या टप्प्यात, हा पुंजका जवळजवळ गप्प असतो. पीटीएसडी असलेल्या माणसात नॉरॲड्रेनालिनची यंत्रणा रात्रीही पुरती शांत होत नाही, असा रास्किंड यांचा तर्क. भीतीची आठवण निघते आणि सोबत इशाऱ्याची घंटाही वाजत राहते. म्हणून स्वप्न नुसतं वाईट राहत नाही. प्रसंग जसाच्या तसा पुन्हा घडतो, माणूस घामाघूम होऊन ओरडत उठतो. काहींची बायको वेगळ्या खोलीत झोपायला लागते, कारण झोपेत त्यांचे हात चालतात. काही जण झोप येऊ नये म्हणून प्रयत्न करतात.

तर्क सुंदर आहे. पण औषधशास्त्रात सुंदर तर्कांची स्मशानभूमी फार मोठी आहे. म्हणून चाचण्या बघायच्या.

छोट्या चाचण्या

सुरुवात योगायोगाने झाली. सिएटलमध्ये व्हीए, म्हणजे अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या रुग्णालयात, प्रोस्टेटच्या त्रासासाठी प्राझोसिन घेणाऱ्या व्हिएतनाम युद्धातल्या मोजक्या माजी सैनिकांनी सांगितलं की स्वप्नं थांबली. रास्किंड यांनी ते कानाआड केलं नाही. हे मला मनापासून आवडतं. प्रश्न प्रोस्टेटचा, उत्तर झोपेचं. कित्येक डॉक्टरांनी 'बरं बरं' म्हणून पुढचा पेशंट बोलावला असता.

२००३ मध्ये व्हिएतनामच्या १० माजी सैनिकांवर डबल-ब्लाइंड चाचणी झाली. प्रत्येकाला काही आठवडे औषध, काही आठवडे प्लासिबो, आणि कधी काय चालू आहे ते ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. औषध जिंकलं. २००७ मध्ये ४० जणांवर चाचणी. पुन्हा औषध जिंकलं. २०१३ मध्ये इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, अजून नोकरीत असलेल्या ६७ सैनिकांवर १५ आठवड्यांची चाचणी. तिसऱ्यांदा औषध जिंकलं.

तीनपैकी तीन. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

एक, तिन्ही मिळून माणसं ११७. छोट्या चाचणीत निकाल डोलतो. खरा फायदा मध्यम असेल तरी योगायोगाने तो मोठा दिसू शकतो, आणि मोठा दिसतो तेव्हाच पेपर गाजतो.

दोन, तिन्हींमागे मुख्यतः एकच गट. यात लबाडी आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण एकाच गटाकडे रुग्ण निवडण्याची, डोस वाढवण्याची, त्यांच्याशी बोलण्याची एक सवय असते. ती सवय औषधाच्या बाटलीत भरून दुसऱ्या शहरात पाठवता येत नाही.

तीन, प्राझोसिनमुळे रक्तदाब उतरतो, उभं राहिल्यावर गरगरतं. ज्याला गरगरतं त्याला कळतं की आपल्याला खरी गोळी मिळाली. मग 'ब्लाइंड' किती ब्लाइंड राहिलं? आणि मोजायचं काय, तर रुग्ण स्वतः सांगतो ती स्वप्नं. इथे अपेक्षेला शिरायला भरपूर जागा आहे.

मोठी चाचणी

म्हणून मोठी चाचणी हवी होती, आणि ती झाली. व्हीएची १३ रुग्णालयं, ३०४ माजी सैनिक, निम्म्यांना औषध, निम्म्यांना प्लासिबो, एकूण २६ आठवडे. मुख्य मोजमाप दहाव्या आठवड्यात. पुरुषांना डोस हळूहळू वाढवत दिवसाला जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, स्त्रियांना १२. म्हणजे डोस कमी पडला असं सहज म्हणता येणार नाही.

स्वप्नांचा त्रास मोजायला ० ते ८ गुणांची मोजपट्टी होती. दोन गटांतला फरक ०.२ गुण, आणि ९५ टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटर्व्हल -०.३ ते ०.८. झोपेच्या दर्जाची मोजपट्टी ० ते २१ ची, तिथे फरक ०.१. 'एकंदर तब्येत कशी वाटते' यात फरक शून्य.

इथे थांबून कॉन्फिडन्स इंटर्व्हल वाचायला शिकू, कारण बातम्यांमध्ये नेमकी हीच गोष्ट गळते. चाचणीत फरक 'सिद्ध झाला नाही' याचे दोन अगदी वेगळे अर्थ असतात. पहिला: माणसं इतकी कमी होती की काही कळलंच नाही. तेव्हा हा इंटर्व्हल लांबलचक असतो, फायदाही शक्य, तोटाही शक्य. दुसरा: माणसं पुरेशी होती आणि फरक खरंच नगण्य निघाला. तेव्हा इंटर्व्हल आखूड असतो. इथे तो आखूड आहे. कुठल्याही बाजूने धरला तरी आठ गुणांच्या पट्टीवर एका गुणाच्या आत. म्हणजे 'आम्हाला माहीत नाही' असं ही चाचणी म्हणत नाही. या प्रकारच्या रुग्णांत सरासरी फायदा फारसा नाही, असं ती बऱ्यापैकी ठामपणे म्हणते.

अधोरेखित करायचे शब्द दोन: 'या प्रकारच्या रुग्णांत' आणि 'सरासरी'. सगळं भांडण तिथेच आहे.

खुलासा, आणि तो किती पटतो

लेखकांनी स्वतःच एक शक्यता मांडली. चाचणीत घेताना 'स्थिर' रुग्ण घेतले गेले. ज्यांची अवस्था नाजूक होती त्यांना सुरक्षेसाठी बाहेर ठेवलं. शिवाय तोपर्यंत व्हीएमध्ये प्राझोसिन सर्रास लिहून दिलं जात होतं. आता विचार करा, रोज रात्री ओरडत उठणाऱ्या माणसाला तुम्ही सांगताय की सहा महिन्यांच्या चाचणीत ये, पन्नास टक्के शक्यता आहे की तुला रिकामी गोळी मिळेल. तोच माणूस शेजारच्या डॉक्टरकडून खरी गोळी आजच घेऊ शकतो. तो का येईल? त्याचा डॉक्टर त्याला का पाठवेल? म्हणजे ज्यांना औषध लागू पडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ते दारातूनच परत गेले.

हा खुलासा मला अर्धा पटतो. तो माणसांच्या वागण्याशी जुळतो, आणि 'सरासरी' या शब्दाच्या पोटात तो बसूही शकतो. साधं गणित करू. समजा शंभरातल्या दहा जणांना औषधाने ३ गुणांचा दणदणीत फायदा होतो आणि नव्वद जणांना शून्य. सरासरी किती? ०.३. असा फायदा या चाचणीत गडप होऊ शकतो. त्या दहा जणांसाठी मात्र ती रात्रीची झोप आहे.

आता न पटणारा अर्धा. पहिली गोष्ट, 'स्थिर' म्हणजे 'सौम्य' नव्हे. वारंवार दुःस्वप्नं पडत असणं ही चाचणीत येण्याची अटच होती. त्यांच्याही रात्री काही सुखाच्या नव्हत्या. मग त्यांच्यात थोडासा तरी परिणाम दिसायला नको का? दुसरी गोष्ट, हा खुलासा निकाल लागल्यानंतर आलेला आहे. जिंकलं तर औषध चांगलं, हरलं तर रुग्ण चुकीचे, असं म्हणायची मुभा असेल तर ती कल्पना कधीच हरू शकत नाही. आणि जी कल्पना हरू शकत नाही तिला विज्ञानात फारशी किंमत नसते.

खुलाशाला परीक्षेला बसवायचा एक रस्ता मात्र आहे. २०१६ मध्ये याच गटाने २०१३ च्या चाचणीचे आकडे पुन्हा तपासले. सुरुवातीला ज्यांचा वरचा रक्तदाब जास्त होता त्यांना प्राझोसिनचा जास्त फायदा झाला होता. तर्क असा की जास्त रक्तदाब ही नॉरॲड्रेनालिनची यंत्रणा तापलेली असल्याची बाहेरून दिसणारी खूण असावी. हे खरं असेल तर फारच कामाचं आहे, कारण रक्तदाब मोजायचं यंत्र गावातल्या उपकेंद्रातही असतं. पण हे विश्लेषण ६७ जणांच्या आकड्यांवरचं आणि मागाहून केलेलं. मागाहून शोधलं की काही ना काही सापडतंच. आधी जाहीर करून, जास्त रक्तदाबवाल्यांनाच घेऊन चाचणी करा आणि मग सांगा. तोपर्यंत ती चांगली कल्पना आहे, पुरावा नाही.

एक आकडा ज्याच्या मोहात पडू नये

त्याच पेपरमध्ये आहे: आत्महत्येचे विचार नव्याने आले किंवा वाढले अशांचं प्रमाण प्राझोसिन गटात ८ टक्के, प्लासिबो गटात १५ टक्के. हे वाचून कुणालाही वाटेल की अरे, मुख्य गोष्ट इथेच आहे! पण हे मुख्य मोजमाप नव्हतं. दुष्परिणामांच्या यादीतला तो एक आकडा होता. अशा यादीत वीस गोष्टी असल्या की एखाद्यात फरक योगायोगानेही दिसतो. त्याच वर्षी आत्महत्येचे विचार असलेल्या, दुःस्वप्नांनी त्रासलेल्या २० जणांवर दुसऱ्या एका गटाची छोटी चाचणी आली. तिच्यात प्राझोसिन घेणाऱ्यांच्या स्वप्नांत आणि झोपेत प्लासिबोपेक्षा कमीच सुधारणा दिसली. वीस जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच वर म्हटलंय. पण ८ विरुद्ध १५ वर घाईने विसंबायला नको, एवढं तरी त्यातून कळतं.

मार्गदर्शक सूचनांचा झोका

आता गंमत बघा. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१० मध्ये पीटीएसडीच्या दुःस्वप्नांसाठी प्राझोसिनची ठाम शिफारस केली. २०१८ मध्ये त्यांनीच ती 'वापरायला हरकत नाही' इतकी खाली आणली. व्हीए आणि संरक्षण खात्याच्या सूचनांनी २०१७ मध्ये 'बाजूने नाही, विरोधातही नाही' अशी भूमिका घेतली. २०२३ मध्ये त्याच सूचना म्हणतात: दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन सुचवतो, पण शिफारस कमकुवत.

मोठी चाचणी फसल्यानंतर शिफारस वर कशी गेली? कारण सगळ्या चाचण्या एकत्र करून हिशेब मांडला की छोट्या चाचण्यांचे मोठे फायदे आणि मोठ्या चाचणीचा शून्य यांची मिळून बेरीज औषधाच्या बाजूने झुकते. माझा आक्षेप इथे आहे. चाचण्या एकमेकींशी इतक्या विसंगत असतात तेव्हा त्यांची सरासरी काढणं म्हणजे एका पायाखाली निखारा आणि दुसऱ्याखाली बर्फ ठेवून 'तापमान ठीक आहे' म्हणणं. खरा प्रश्न असा की त्या विसंगत का आहेत. त्याचं उत्तर बेरजेतून मिळत नाही.

तरी मी त्या समितीला मोडीत काढणार नाही. त्यांच्यासमोर दुसरं काय होतं? दुःस्वप्नांसाठी खास मंजूर झालेलं एकही औषध अमेरिकेत नाही. जागेपणी स्वप्नाचा शेवट बदलून तो रोज मनात घोकायचा अशी एक उपचारपद्धती आहे, इमेज रिहर्सल. लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांमध्ये तिने चांगला फायदा दाखवला. पण व्हिएतनामच्या माजी सैनिकांवर २०१० मध्ये तपासली तेव्हा तीही तुलनेच्या उपचारापेक्षा वरचढ ठरली नाही. स्वस्त, जुनं, ओळखीचं औषध 'कमकुवत शिफारस' म्हणून ठेवणं मी समजू शकते. 'कमकुवत' हा शब्द रुग्णापर्यंत पोहोचतो का, हा प्रश्न उरतोच.

विंचू आणि स्वप्न

आता बावस्करांकडे परत. त्यांनी प्राझोसिन वापरायला सुरुवात केली तेव्हा हातात कुठली डबल-ब्लाइंड चाचणी नव्हती. तरी ते औषध विंचूदंशावर टिकलं, आणि स्वप्नांवर तीन चाचण्या जिंकूनही डळमळलं. असं का?

कारण विंचवाच्या बाबतीत मोजायची गोष्ट म्हणजे माणूस जगला की गेला. त्यात अपेक्षेला वाव नाही. परिणाम काही तासांत कळतो, आणि फरक इतका मोठा की तो बघायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. स्वप्नांच्या बाबतीत यातलं काहीच नाही. मोजमाप माणसाच्या सांगण्यावर, त्रास आपोआप कमी-जास्त होणारा, परिणाम काही जणांतच. एकच औषध, एकच कुलूप. पण एका ठिकाणी डोळ्यांनी पुरतं आणि दुसऱ्या ठिकाणी मोठी, काटेकोर चाचणी लागते. आणि बावस्करही डोळ्यांवर थांबले नाहीत. विंचवाचं प्रतिविष आल्यावर नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष अशी तुलना त्यांनी ७० रुग्णांवर केली, आणि दोन्ही मिळून रुग्ण लवकर बरे होतात हे २०११ मध्ये 'बीएमजे'मध्ये छापलं. स्वतःच्या यशस्वी औषधालाही परीक्षेला बसवलं.

म्हणून, सुरुवातीला म्हटलं ती सगळ्यात मोठी चूक. ती कुठल्या पेपरमध्ये नाही, क्रमात आहे. २००३ च्या १० जणांच्या चाचणीनंतर लगेच अनेक केंद्रांवर मोठी चाचणी व्हायला हवी होती, जेव्हा डॉक्टरांना खरंच माहीत नव्हतं आणि रुग्णांना दुसरीकडे गोळी मिळत नव्हती. ती झाली औषध रुळल्यावर. तोपर्यंत खात्री असलेले रुग्ण चाचणीबाहेर निघून गेले होते. पेटंट संपलेल्या स्वस्त गोळीवर पैसे लावायला कंपन्या येत नाहीत, सरकारी यंत्रणा हळू चालते. या उशिराची किंमत आता प्रत्येक माजी सैनिक मोजतोय, ज्याला त्याचा डॉक्टर 'घेऊन बघू' याच्या पलीकडे काही सांगू शकत नाही.

साताऱ्या-कोल्हापूरकडे फौजेतून परतलेली माणसं कित्येक घरांत आहेत, म्हणून शेवटी दोन व्यवहाराच्या गोष्टी. यातला बहुतेक पुरावा अमेरिकी सैनिकांवरचा, त्यातही जवळजवळ सगळा पुरुषांवरचा आहे. तो इथे जसाच्या तसा लागू होईल असं धरू नका. आणि ही गोळी दुकानातून आणून स्वतःहून घ्यायची नाही. पहिल्या डोसला रक्तदाब एकदम उतरून माणूस चक्कर येऊन पडू शकतो, म्हणूनच डॉक्टर १ मिलिग्रॅमपासून, रात्री झोपताना सुरू करतात. जे आधीपासून घेतायत आणि ज्यांना बरं वाटतंय, त्यांनी हा लेख वाचून ती बंदही करू नये. सरासरी शून्य असणं म्हणजे तुमचा फायदा खोटा असणं नव्हे.

घरातलं कुणी रात्री ओरडत उठत असेल तर 'फौजेत होता, असं होतंच' म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. औषध कुठलं द्यायचं याबद्दल विज्ञान अजून भांडतंय. त्रास खरा आहे, याबद्दल कुणाचंच भांडण नाही.